लाँगबोर्नच्या पाच मुली

१९४३ सालच्या डिसेंबरात उत्तर आफ्रिकेत न्युमोनियाने अंथरुणास खिळलेल्या चर्चिलसाहेबांनी आपल्या कन्येकडून एक जुनी इंग्रजी कादंबरी वाचून घेतली. महायुद्ध ऐन रंगात आले होते, डॉक्टरांनी कामास हात लावण्याची मनाई केली होती, आणि अशा वेळी त्यांच्या मनाचा विरंगुळा झाली ती १८१३ साली प्रसिद्ध झालेली जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. या कादंबरीतील माणसांचे आयुष्य किती शांत होते, फ्रेंच राज्यक्रांतीची किंवा नेपोलियनशी चाललेल्या झुंजीची त्यांस चिंता म्हणून नव्हती, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनी पुढे आपल्या युद्धविषयक ग्रंथात नमूद करून ठेवला आहे. हिंदुस्थानाविषयी या गृहस्थांचे एकही मत आम्हांस कधी मानवले नाही. लाँगबोर्नविषयीचे हे मतही मानवत नाही.

शांत कसले? ज्या घरात लग्नाच्या पाच मुली आहेत, मुलगा एकही नाही, आणि बापाने डोळे मिटताच राहते घर दूरच्या भाऊबंदाच्या स्वाधीन व्हावयाचे आहे, त्या घरात शांतता कोठून असणार? साम्राज्य चालविणे निराळे आणि घर चालविणे निराळे.

हिशेबच पाहू, कारण ऑस्टिनबाई स्वतः हिशेब दिल्यावाचून कोणत्याही पात्रास आपल्यापुढे येऊ देत नाहीत. हर्टफर्डशर परगण्यात बेनेटसाहेबांची जमीनदारी आहे. उत्पन्न वर्षाकाठी २,००० पौंड. त्या काळी हे खाऊनपिऊन सुखी अशा घराचे उत्पन्न होय. परंतु ही मिळकत केवळ पुरुष वारसाकडेच जावी असा निर्बंध तीवर घातलेला आहे. पत्नी व मुली यांच्या नावे म्हणून जी काय रक्कम आहे ती सारी मिळून ५,००० पौंड. एकेका मुलीच्या वाट्यास हजार. शेकडा चार दराने सालीना व्याज ४० पौंड. याच कादंबरीचा नायक डार्सी याचे उत्पन्न वर्षास १०,००० पौंड आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ४० पौंडांच्या मुलीने त्यास नकार देणे म्हणजे काय, याची कल्पना येईल.

आणि ही स्थिती आली कशी? लग्न झाले तेव्हा बेनेटसाहेबांस काटकसरीची गरजच वाटली नाही. मुलगा होईल, तो सज्ञान होताच बापलेक मिळून निर्बंध मोडून काढतील, मग विधवेची आणि धाकट्या भावंडांची तरतूद आपोआप होईल, असा सरळ विचार. एकामागून एक पाच मुली झाल्या. पाचवीनंतरही कित्येक वर्षे बाईंनी आशा सोडली नाही. आणि सोडली तेव्हा काटकसर आरंभण्याची वेळ निघून गेली होती. मुलाची वाट पाहण्यात मुलींची तरतूद राहून जाणे, ही गोष्ट समजण्यास आमच्या वाचकांस टीपेची गरज भासू नये.

हा निर्बंध आता राहिलेला नाही. इंग्लंडात १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीस आपल्या मालमत्तेवर हक्क मिळाला, आणि १९९७ पासून अशा प्रकारचे नवे निर्बंध घालण्याची वाटही बंद झाली. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायदा बदलून मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटेकरीण झाली. म्हणजे ज्या गाऱ्हाण्यावर ही कथा उभी आहे ते गाऱ्हाणे उरले नाही. नुसते गाऱ्हाणे सांगणारी पुस्तके गाऱ्हाण्याबरोबर विस्मृतीत जातात. हे पुस्तक मात्र १९४० साली चित्रपट होऊन आले, १९८५ साली आपल्या दूरदर्शनवर ‘तृष्णा’ या नावाने हिंदी वेष घेऊन आले, १९९५ साली बी.बी.सी.ने सहा भागांत दाखविले, २००५ साली पुन्हा पडद्यावर चढले. आणि २०१७ साली तर लेखिकेची छबी इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर झळकली. हयातीत जिला पौंडांची चणचण कधी सुटली नाही, तिचा हा सत्कार पाहून तिला स्वतःलाच हसू आले असते.

या चिरंजीवित्वाचे कारण विचारले तर बहुतेक वाचक एलिझाबेथ आणि डार्सी यांचे प्रेम असे सांगतील. ते खोटे नव्हे. परंतु आमच्या मते या पुस्तकाचा प्राण प्रेमात नसून नकारात आहे. होकारावर संपणाऱ्या कथा जगात उदंड आहेत. ज्या मुलीस ‘नाही’ म्हणण्याची ऐपत नाही तिने दोन वेळा ‘नाही’ म्हणावे, आणि आपण ते हसत हसत वाचावे, ही किमया मात्र आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिली.

पहिला नकार कॉलिन्स या पाद्रीबुवास. पुढेमागे लाँगबोर्नचा धनी होणारा भाऊबंद तो हाच. बेनेटांच्या पाचांपैकी एकीशी लग्न करून झाल्या अन्यायाची भरपाई करावी, असा उदार हेतू धरून तो येतो. प्रथम त्याचा डोळा थोरल्या जेनवर. तिचे दुसरीकडे जमण्याचा रंग आहे असे कळताच तो दुसरीवर येतो. आणि हा मनःपालट होण्यास लागलेला वेळ किती, तर बेनेटबाई चुलीतील विस्तव सारीत होत्या तेवढा! पुढे तो एलिझाबेथला मागणी घालतो ती एखाद्या अर्जाप्रमाणे कलमवार; आणि तिने स्पष्ट नकार दिला तरी कुलीन स्त्रिया पहिल्यांदा नाहीच म्हणतात असे समजून तिचेच अभिनंदन करतो. हसून हसून पुरेवाट होते. पण हसे ओसरल्यावर ध्यानात येते की, या मुलीने आत्ताच आपल्या आईच्या व चार बहिणींच्या डोक्यावरचे छप्पर नाकारले आहे. आई आकांत करते. बाप विनोद करतो. बेनेटबाईंना अक्कल बेताची, बोलणे सैल, आणि प्रसंग न ओळखण्याची कला तर त्यांना पुरती साधलेली. तरीही मुलींचे कसे होणार हा त्या घरातला एकच खरा प्रश्न आहे, हे त्या घरात त्यांनाच उमगलेले आहे. बेनेटसाहेब हुशार असून पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसतात.

एलिझाबेथने नाकारलेला हा वर तीन दिवसांच्या आत तिची मैत्रीण शार्लट ल्युकस स्वीकारते. शार्लटचे वय सत्तावीस, रूप साधारण, बुद्धी चांगली. कॉलिन्स मूर्ख आहे हे तिला एलिझाबेथइतकेच ठाऊक आहे. तिला नवरा नको आहे. घर हवे आहे.

आमच्या घरी या शार्लटवरून दोन तट आहेत. आजोबांनी घेतलेली या कादंबरीची एक खिळखिळी प्रत घरात आहे. ती आलटून पालटून सर्वांच्या हाती गेली, आणि इतर पात्रांविषयी एकमत असले तरी शार्लटचे नाव निघाले की जेवणे लांबतात. आमच्या थोरल्या वहिनी शार्लटच्या वकील. त्यांचे बोट नेहमी एकाच जागी जाते. एलिझाबेथ मैत्रिणीच्या घरी पाहुणी जाते तेव्हा तिला नवल वाटते की, पुढची प्रशस्त खोली सोडून शार्लटने आपली बसण्याची जागा मागच्या अंगाच्या खोलीत का केली असावी. मग उलगडा होतो. पुढच्या बाजूस रस्ता आहे. नवऱ्याच्या खोलीतून येणारेजाणारे दिसतात. म्हणून तो तेथे रमतो. बायकोची खोलीही तशीच मौजेची असती तर तो दिवसभर तिच्यापाशी येऊन बसला असता! त्याला बागकामाची गोडीही तीच लावते, प्रकृतीस चांगले म्हणून. वहिनी म्हणतात, “संसार याचेच नाव. एलिझाबेथला डार्सी मिळाला म्हणून तिचा नकार शोभला. न मिळता तर?”

प्रश्न खोटा नाही. दादांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, मात्र यावर दर वेळी उसळून उठे.

काही वर्षांपूर्वी याच पुतणीस एक स्थळ सांगून आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, परदेशी उत्तम पगारावर, घराणे परिचयातील, पत्रिका जुळलेली. दोघांच्या दोन भेटी झाल्या आणि मुलीने नकार सांगितला. दादांनी कारण विचारले. ती म्हणाली, “त्यांच्याशी बोलताना मला कंटाळा आला.” दादा रागीट नाहीत, पण ताटावर बसले होते तसेच थांबले आणि म्हणाले, “कंटाळा हे काय कारण झाले?” आम्हां सर्वांस वाटले, आता वहिनी शार्लटची बाजू मांडणार. वहिनी ताक वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तेच कारण आहे. बेनेटसाहेबांना बायकोचा कंटाळा आला, तेव्हा त्यांना जाऊन बसायला पुस्तकांची खोली तरी होती. बाईमाणसाने कोणत्या खोलीत जायचे?” पुतणी म्हणाली, “पण आई, शार्लटने केली ना खोली?” “केली,” वहिनी म्हणाल्या, “पण तू शार्लट नाहीस, हे मला ठाऊक आहे.” दुसऱ्या दिवशी दादांनी नम्रपणे नकार कळविला. वहिनी आजही शार्लटचेच वकीलपत्र चालवितात, आणि त्यात त्यांस काही विसंगत वाटत नाही. आम्हांसही वाटत नाही. ऑस्टिनबाईंनी शार्लटला ना शिक्षा दिली, ना सुख दिले. तिला कोंबड्या, तेथील धर्मोपासकांचा गोतावळा आणि मागची खोली दिली, आणि निवाडा करण्याचे काम आपल्यावर टाकले.

असो. दुसरा नकार डार्सीला. सारी कादंबरी ज्या खांबावर तोललेली आहे तो हा प्रसंग. डार्सी प्रेम व्यक्त करतो, पण त्याच श्वासात तुझे कुळ किती हलके, तुझी माणसे किती अडाणी, आणि ही सारी अडचण ओलांडून मी किती मोठे मन केले, हेही ऐकवितो. एलिझाबेथ त्याला असे उत्तर देते की तो गृहस्थ आयुष्यात पहिल्यानेच निरुत्तर होतो. येथपर्यंत कोणीही चतुर लेखक आला असता. ऑस्टिनबाईंची थोरवी पुढच्या पायरीत आहे: डार्सी आपल्या पत्रात तिच्या माणसांविषयी जे लिहितो, ते उद्धट असले तरी खरे आहे.

नेदरफील्डच्या मेजवानीचा प्रसंग आठवावा. आई जेवणाच्या मेजावर, ज्याच्या कानी पडू नये तो डार्सी समोर असता, थोरलीच्या न झालेल्या लग्नाचा डांगोरा पिटते. मधली मेरी आवाज नसता गाण्यावर गाणी म्हणते. बाप तिला थांबवितो तेही चारचौघांत, टोचून. कॉलिन्स ओळखदेख नसता डार्सीपुढे जाऊन लांबलचक भाषण करतो. सगळ्यांनी संगनमत करून आपली फजिती करण्याचा बेत केला असता तरी तो याहून चांगला साधला नसता, असे एलिझाबेथला होऊन जाते. परक्यांसमोर आपल्याच माणसांपायी मान खाली घालण्याचा प्रसंग ज्यांवर आला असेल, आणि भरल्या घरात वाढलेल्या कोणावर तो आला नाही, त्यांना या प्रकरणात इंग्लंड आणि १८१३ साल ही दोन्ही दिसेनाशी होतात. आपल्या माणसांचे दोष आपल्यास दिसतात; दुसऱ्याने बोलून दाखविले की रक्त उसळते; आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कळते की तो बोलला ते खरेच होते.

या ठिकाणी मराठी वाचकास एक सोय अधिक आहे, ती सांगून ठेवतो. इंग्रजीत बापाची बहीण, आईची बहीण, मामाची बायको, चुलत्याची बायको, सर्वांस मिळून एकच शब्द. आपण वाचताना त्यांस त्यांच्या जागी बसवू शकतो. डार्सीला छळणारी ती दिमाखदार लेडी कॅथरिन ही त्याची सख्खी मावशी. इकडे एलिझाबेथची मेरिटन गावची मावशी गावगप्पांचे आगर. म्हणजे ज्या माणसाने तिच्या गोतावर नाक मुरडले, त्याची स्वतःची मावशी काही कमी नाही. केवळ तिच्या उद्धटपणावर रेशीम अधिक आहे. तीच बाई पुढे भरधाव गाडीने लाँगबोर्नला येऊन, माझ्या भाच्याशी लग्न करणार नाही असे वचन दे, म्हणून एलिझाबेथला दरडावते. आणि एलिझाबेथ ते देण्याचे साफ नाकारते. आम्ही दोन नकार म्हटले खरे, पण मोजदाद करू लागल्यास हा तिसरा होय. आणि याच नकाराची वार्ता कानी गेल्यामुळे डार्सीला पुन्हा आशा वाटू लागते.

तत्पूर्वी लिडियाचे प्रकरण होते. पंधरा-सोळा वर्षांची ही धाकटी मुलगी विकहॅम नावाच्या कर्जबुडव्या सैनिकाबरोबर पळून जाते, आणि एकीच्या पायी पाचही जणींची लग्ने होणे दुरापास्त होते. व्यक्तिस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणून इंग्लंडचे नाव घेणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. अशा वेळी डार्सी लंडनमध्ये त्या दोघांचा ठाव काढतो, ज्याचे तोंड पाहू नये अशा विकहॅमशी घासाघीस करतो, त्याचे हजारावर पौंडांचे देणे फेडतो, लिडियाच्या नावे आणखी एक हजार लावून देतो, आणि हे कोणास कळू नये अशी अट घालतो. ज्या गोतावळ्याची त्याला लाज वाटत होती, त्याच गोतावळ्याची अब्रू तो गुपचूप आपल्या पदरात घेतो. यात प्रेमाचा एक शब्द नाही. शब्द त्याने पूर्वी वापरून पाहिले होते.

आता लेखिकेकडे वळू, कारण तिच्या आयुष्यातही एक नकार आहे. १८०२ च्या डिसेंबरात, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला असता, मॅनिडाउन येथील मोठ्या मिळकतीच्या वारसाने, हॅरिस बिग-विदर याने, जेनला मागणी घातली. त्याच्या बहिणी तिच्या मैत्रिणी. रात्री तिने होकार दिला. सकाळी तो मागे घेतला आणि ते घर सोडले. शार्लटचे वय कादंबरीत सत्तावीसच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. १८०५ मध्ये वडील वारले, आणि आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर बिऱ्हाडे बदलीत राहिल्या. १८०९ साली, श्रीमंत नातलगांच्या घरी दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने आपल्या मिळकतीतील चॉटन गावचे एक घर त्यांस दिले, तेव्हा कोठे बस्तान बसले. १७९६-९७ साली लिहिलेल्या आणि एका प्रकाशकाने न वाचताच परत लावलेल्या कादंबरीला तिने तेथे पुन्हा हात घातला. १५० पौंडांची अपेक्षा होती; हक्क विकून मिळाले ११०. पुस्तकावर तिचे नाव नव्हते.

त्या घराण्यास नकाराची किंमत ठाऊक होती, तशी होकाराचीही होती. जेनची आत्या फिलाडेल्फिया ही पोरकी व निर्धन. १७५२ साली नवरा मिळविण्याकरिता तिला जहाजाने हिंदुस्थानात यावे लागले. १७५३ साली कंपनीच्या एका शस्त्रवैद्याशी तिचा विवाह झाला. त्यांची मुलगी एलायझा कलकत्त्यास जन्मली. तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. होय, ज्याच्या कारकीर्दीत वडगावी इंग्रजांची नाचक्की झाली आणि पुढे सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. १८१३ साली म्हातारपणी त्याने ही कादंबरी वाचली आणि एलिझाबेथची तारीफ केली. ती ऐकून आपणास फार आनंद झाल्याचे जेनने बहिणीस पत्राने कळविले आहे. नानांशी ज्याची गाठ पडली त्या मुत्सद्द्यास वीस वर्षांची एक खेड्यातली मुलगी आवडावी, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

हे पुस्तक सर्वांस रुचले असे नाही. शार्लट ब्राँटी हिने १८४८ च्या एका पत्रात, येथे नीट कुंपण घातलेली बाग आहे, पण मोकळे रान नाही, वारा नाही, अशी तक्रार केली. तक्रार रास्त आहे. वाऱ्यापावसात धावत सुटण्याची ज्यांना हौस त्यांनी ब्राँटीबाईंकडेच जावे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य रानात नव्हे, कुंपणाच्या आतच जाते. आणि कुंपणाच्या आत एखाद्या मुलीने ताठ मानेने कसे चालावे, ही विद्या रानात शिकावयास मिळत नाही.

कादंबरीचा शेवट पुष्कळांच्या स्मरणात चुकीचा असतो. चित्रपटांनी तो नायक-नायिकेवर नेऊन सोडला आहे. मूळ पुस्तक तेथे थांबत नाही. लग्ने होतात, बेनेटसाहेब अचानक वेळी पेंबर्लीस येऊन लाडक्या लेकीकडे राहू लागतात, लिडिया पैशासाठी पत्रे पाठविते, मावशीबाई रुसतात आणि यथावकाश येतातही. आणि अगदी शेवटचे वाक्य ऑस्टिनबाईंनी कोणासाठी राखून ठेवले, तर मामा-मामींसाठी. ग्रेसचर्च स्ट्रीटवर राहणारे, व्यापारावर पोट भरणारे, ज्यांच्या नावाने डार्सीच्या मंडळींनी एकदा खिदळून घेतले होते ते गार्डिनर मामा आणि मामी. फिरावयास निघताना भाचीला बरोबर घेऊन डार्सीच्या गावी त्यांनीच तर नेले होते.